धर्मयुद्ध की मिरीचा व्यापार?

ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धे म्हटली की आपल्याला जेरुसलेम आणि सलाहुद्दीन अय्यूबी आठवतात. कोकण-मलबारचा किनारा आठवत नाही. त्या किनाऱ्यावरच्या संघर्षाचा समकालीन मुस्लिम वृत्तान्त म्हणजे शेख जैनुद्दीन मखदूम यांचा ‘तुहफतुल मुजाहिदीन’ हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अरबी ग्रंथ. तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केलेला आहे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला तो मोलाचा वाटतो, कारण त्याचा मजकूर त्याच्याच शीर्षकाशी वाद घालतो.

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिला जिहादच्या फर्जाविषयी आहे, तर चौथा पोर्तुगिजांची कृत्ये सांगतो. या चौथ्या भागात मिरी-सुंठेच्या व्यापाराचा विषय पुनःपुन्हा येतो. पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय जहाज हाकारता येईना, हे लेखकाचे दुःख आहे. आणि मुसलमानांचा पाठीराखा कोण? कालिकतचा हिंदू राजा सामुद्री! मग ही लढाई केवळ दोन धर्मांची कशी?

धर्माचा संबंधच नव्हता, असे म्हणणेही खोटे ठरेल. १४५५ च्या पोपच्या फर्मानाने पोर्तुगालला मुसलमानांचे मुलूख जिंकण्याची मुभा दिली होती. १५०२ मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज प्रवाशांसह जाळले. क्रौर्याला परवानगी धर्माच्या नावाने मिळाली. दिशा मात्र व्यापाराने दिली. १०९५ मध्ये जेरुसलेमसाठी दिलेली हाकही १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल या ख्रिस्ती शहराच्या लुटीपर्यंत पोहोचलीच ना?

जैनुद्दीन यांची मर्यादा वेगळी आहे. पोर्तुगीज संकट ही त्यांना मुसलमानांच्या नाशुक्रीची सजा वाटते, आणि सुलतानांच्या उदासीनतेचे कारण ते दीनविषयक ढिलाईत शोधतात. नसीहत म्हणून हे ठीक, इतिहास म्हणून अपुरे. आमची आरे कॉलनी ज्या साष्टीत आहे, तिचेच पाहा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगिजांना दिला, कारण त्याला हुमायूनचा धाक होता. मुसलमान सुलतानाने मुसलमान बादशहाविरुद्ध ख्रिस्ती दोस्त शोधला. पुढे १५७०-७१ मध्ये आदिलशहा, निजामशहा आणि सामुद्री पोर्तुगिजांविरुद्ध एकत्र आले. दोस्त-दुश्मनांची ही यादी मजहबावरून लागत नाही.

शेजारच्या मरोळच्या ख्रिस्ती मुलाकडे आमचा विद्यार्थी कोणत्या नजरेने पाहील, हे आपण त्याला लढायांची कोणती कारणे सांगतो यावर ठरते. म्हणून हा ग्रंथ पहिल्या भागावर मिटू नये. चौथ्या भागापर्यंत वाचावा.