एका पत्राची साक्ष : मेरी बोलिन आणि तिचे लेखक

आठव्या हेन्रीची एकेकाळची प्रेयसी आणि ॲन बोलिनची बहीण या दोन ओळखींनी मेरी बोलिन वाचकांना माहीत असते. दोन्ही ओळखी दुसऱ्याच्या आधाराने उभ्या आहेत. एकीला राजा लागतो, दुसरीला राणी. या दोघांना बाजूला केले तर मेरीचे स्वतःचे म्हणून काय उरते, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचित विचारला आणि कादंबरीकारांनी त्याचे उत्तर फार सहजपणे दिले. वस्तुतः एक गोष्ट उरते. १५३४ साली राजाचा सचिव टॉमस क्रॉमवेल याला तिने लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. तिच्याविषयीच्या लेखनात या पत्राचा उल्लेख हमखास येतो. परंतु एक संहिता म्हणून ते सावकाश वाचले गेल्याचे फारसे आढळत नाही. मेरीच्या चरित्रातील खरा पेच या पत्रातच आहे, आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांचे मूल्यमापनही याच पत्राच्या कसोटीवर व्हावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम ज्ञात गोष्टी पाहू. मेरीचा जन्म १५०० च्या सुमाराचा. वडील सर टॉमस बोलिन हे मुत्सद्दी, तर आई एलिझाबेथ ही हॉवर्ड या सरदारघराण्यातील. दोघी बहिणींत थोरली कोण, हेही पूर्णपणे निर्विवाद नाही. मेरीचा नातू जॉर्ज केरी याने १५९७ साली ऑर्मंडच्या सरदारकीवर हक्क सांगताना आपली आजी थोरली होती असा आधार घेतला, म्हणून बहुतेक अभ्यासक तिला थोरली मानतात. १५१४ मध्ये हेन्रीची बहीण फ्रान्सच्या बाराव्या लुईची वधू म्हणून गेली, तेव्हा तिच्या परिवारात मेरी होती. ४ फेब्रुवारी १५२० रोजी राजाच्या खाजगी महालातील एक मानकरी विल्यम केरी याच्याशी तिचा विवाह झाला. राजा समारंभास जातीने हजर होता. मार्च १५२२ मध्ये कार्डिनल वुल्झीच्या वाड्यात जो रूपकखेळ झाला, त्यात दरबारातील स्त्रिया एकेक सद्गुण होऊन लाकडी किल्ल्यात उभ्या राहिल्या होत्या. ॲनकडे चिकाटीची भूमिका होती, मेरीकडे दयाळूपणाची. राजाशी मेरीचा संबंध याच सुमारास जुळला आणि तो तीनचार वर्षे टिकला, असे सामान्यतः मानले जाते. कॅथरिन आणि हेन्री ही तिची त्या काळात जन्मलेली मुले. जून १५२८ मध्ये, घाम सुटून माणूस दगावणाऱ्या त्या काळच्या साथीत, विल्यम केरी मरण पावला.

या संबंधाचा पुरावा मात्र विलक्षण आडवळणाचा आहे. हेन्रीने ॲनला लिहिलेली प्रेमपत्रे जगप्रसिद्ध आहेत. मेरीला लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. ॲनशी विवाह करण्यासाठी राजाने पोपकडे धर्माज्ञेतून जी सूट मागितली, तिच्या मसुद्यात एक कलम होते : जिच्याशी वैध वा अवैध संबंध येऊन गेला आहे, तिच्या निकटच्या नातलग स्त्रीशीही विवाहाची मुभा असावी. त्यात कोणाचे नाव नाही. तरी कलमाची गरज का पडली हे उघड आहे. पुढे १५३७ मध्ये सर जॉर्ज थ्रॉकमॉर्टन याने आपल्या एका जुन्या संभाषणाची हकिगत लिहून दिली. ॲनच्या आईशी आणि बहिणीशी आपला संबंध होता असे लोक बोलतात, असे त्याने राजाला सांगितले होते. राजाने आईविषयी नकार दिला. बहिणीविषयीचा नकार शेजारी उभ्या असलेल्या क्रॉमवेलने पुरवला. मेरीच्या आयुष्यातील सर्वांत बोलकी साक्ष राजाच्या या अर्धवट उत्तरात आहे, असे म्हणावे लागते.

तिसरी साक्ष द्वेषाची आहे. मार्च १५३६ मध्ये पोपच्या फ्रान्समधील वकिलाने एका पत्रात, फ्रान्सिस राजाने मेरीला तरुणपणी कुलटा म्हणून ओळखले होते, असे लिहिले. फ्रान्समध्ये ती स्वैराचारी होती या समजुतीचा मुख्य आधार हाच. त्याच पत्रात त्याने ॲनचा नुकताच झालेला गर्भपात हे केवळ सोंग होते, असेही ठोकून दिले आहे. पत्रातील एक विधान अफवा म्हणून सोडायचे आणि दुसरे इतिहास म्हणून स्वीकारायचे, ही प्रमाणविचाराची रीत नव्हे. ॲलिसन वेअर यांनी २०११ साली लिहिलेल्या मेरीच्या चरित्रात या दुष्कीर्तीची कसून तपासणी केली आहे आणि ती निराधार ठरवली आहे. तरीही त्या ग्रंथाच्या ब्रिटनमधील आवृत्तीच्या मुखपृष्ठावर उपशीर्षक म्हणून याच वकिलाची शिवी छापली गेली. ग्रंथ जे खोडून काढतो तेच त्याचे वेष्टण विकते. मेरीच्या वाट्याला आलेल्या वाचकप्रियतेचे स्वरूप यावरून ध्यानात यावे.

मराठीत या विषयावर लिहिताना पहिली अडचण शब्दाची येते. ‘रखेली’ या शब्दात ठेवणे आहे, म्हणजे वेगळे बिऱ्हाड आणि वेगळी तरतूद आहे. ‘अंगवस्त्र’ या शब्दात धनिकाच्या मिरवण्याची वस्तू आहे. पेशवाईतील कागदपत्रांत येणारी ‘नाटकशाळा’ ही वाड्याच्या व्यवस्थेचाच एक भाग आहे. मेरीची स्थिती यांपैकी एकाही शब्दात मावत नाही. ती विवाहित होती, पतीच्या घरात राहत होती, आणि १५२२ पासून राजाकडून ज्या जमिनी व नेमणुका आल्या त्या तिच्या नावे नव्हे, पतीच्या नावे आल्या. फ्रान्सच्या दरबारात पुढे राजाच्या प्रियेला जे उघड पद मिळाले, तसे इंग्लंडमध्ये नव्हते. एलिझाबेथ ब्लाउंट हिला १५१९ मध्ये झालेला मुलगा राजाने आपला म्हणून स्वीकारला आणि १५२५ मध्ये त्याला रिचमंडचा ड्यूक केले. मेरीच्या मुलांना केरी हेच नाव राहिले. तेव्हा तिच्या नात्याला त्या काळी नाव नव्हते. आणि ज्याला नाव नसते त्याचा हिशेबही कोणाला द्यावा लागत नाही.

ही रिकामी जागा कादंबरीकारांना आकर्षक वाटली तर नवल नाही. फिलिपा ग्रेगरी यांची ‘द अदर बोलिन गर्ल’ ही २००१ सालची कादंबरी या बाबतीत सर्वांत यशस्वी ठरली. तिचे निवेदन प्रथमपुरुषी असून ते मेरीच्या मुखी घातले आहे. जिला इतिहासाने बोलू दिले नाही तिला कादंबरीने अखंड बोलते केले, हा या योजनेतील मोठा गुण आहे. मुली हे घराण्याच्या उत्कर्षाचे साधन कसे होत, वडील आणि मामा यांच्या मसलतीत त्यांच्या देहाची किंमत कशी ठरे, याचे चित्र तेथे परिणामकारक उतरले आहे. परंतु या बोलतेपणाची किंमत मोजावी लागली आहे. कादंबरीतील मेरी धाकटी आहे, भोळी आहे; ॲन कारस्थानी आहे. दोघींच्या स्वभावांची अशी वाटणी केली की कथानकाला गती येते, पण व्यक्तिरेखा सपाट होतात. मेरीला निरागस ठेवण्यासाठी ॲनला काळे करावे लागते. याच कादंबरीवरील २००८ च्या चित्रपटात तर मेरी दरबारातून तान्ह्या एलिझाबेथला उचलून घेऊन जाते. हा प्रसंग इतिहासात नाही. मेरीच्या चांगुलपणाला बक्षीस मिळावे या प्रेक्षकाच्या इच्छेत तो आहे.

हिलरी मँटेल यांच्या ‘वूल्फ हॉल’ या २००९ च्या कादंबरीची रीत याहून वेगळी. तेथे मेरीला थोडीच पाने मिळाली आहेत आणि ती सर्वस्वी क्रॉमवेलच्या दृष्टीतून दिसते. १५३२ मध्ये हेन्री आणि ॲन कॅलेला गेले तेव्हा मेरी त्यांच्या परिवारात होती. त्या मुक्कामातील मेरी व क्रॉमवेल यांचा प्रसंग या कादंबरीत आहे. जो पुढे पत्राचा धनी होणार, त्याच्याच नजरेने पत्रलेखिकेला पाहण्याची ही युक्ती मार्मिक आहे. मँटेल यांची मेरी थकलेली, स्पष्ट बोलणारी आणि आपली बाजारातील किंमत उतरली आहे हे जाणणारी आहे. ती कमी बोलते, म्हणूनच अधिक विश्वसनीय वाटते. मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. मस्तानीविषयीचे कागद बहुतांशी इतरांच्या हातचे आहेत, आणि ना. सं. इनामदार यांना ‘राऊ’ लिहिताना याच पोकळीतून वाट काढावी लागली. मेरीच्या बाबतीत फरक एवढाच की तिच्या हातचा एक कागद शिल्लक आहे.

आता त्या पत्राकडे वळू. १५३४ मध्ये मेरीने विल्यम स्टॅफर्ड या आपल्याहून हलक्या दर्जाच्या, वयाने लहान असलेल्या माणसाशी गुपचूप विवाह केला. बहीण राणी झालेली. राणीच्या बहिणीचा विवाह हा राजकारणाचा विषय. मेरी गरोदर असल्याचे उघड झाले तेव्हा तिला दरबारातून घालवून देण्यात आले. त्यानंतरचे हे पत्र. मेरी ॲन एव्हरेट वुड यांनी १८४६ साली संपादित केलेल्या राजस्त्रियांच्या पत्रसंग्रहात ते छापले गेले आहे.

पत्र अर्जाचे आहे, हे विसरता कामा नये. क्रॉमवेलने राजाकडे रदबदली करावी, राजाने राणीचे मन वळवावे, वडिलांनी आशीर्वाद द्यावा, नॉरफोकच्या ड्यूकने आणि भावाने राग सोडावा, अशा मागण्या त्यात क्रमाने येतात. मामा व भाऊ इतके कठोर झाले आहेत की त्यांना थेट लिहिण्याची हिंमत नाही, असे ती सांगते. विनयाची सर्व ठरीव वळणे येथे आहेत : आपण दीन, आपण हद्दपार, आपली चूक झाली. पण याच विनयातून एक वेगळा स्वर वर येतो. सारे जग आपल्याला तुच्छ लेखत होते आणि एकट्या याने मोल केले, हे ती लिहिते. आपण बंधनात होतो आणि मोकळे झाल्याचा आनंद वाटला, असे सांगते. बंधन कोणाचे ते सांगत नाही. अधिक थोर कुळातला वर मिळू शकला असता, इतके प्रेम करणारा मिळाला नसता, असे म्हणून लगेच स्टॅफर्डचे कुळही जुने आहे आणि तो राजाच्या चाकरीला योग्य आहे, हे जोडते. विवाहाला तीन महिने झाले, आता तो परत घेता येत नाही, असा व्यावहारिक मुद्दाही तिच्यापाशी आहे. आणि मग, ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठी राणी होण्यापेक्षा याच्यासह भीक मागून खाणे पत्करीन, असे ती लिहून जाते.

हे वाक्य नेहमी प्रेमाचा उद्गार म्हणून सांगितले जाते. तो तसा आहेच. पण लिहिण्याच्या त्या क्षणी राणीपदावर कोण बसले होते, हे लक्षात घेतले की त्याची धार कळते. जिची क्षमा मागायची आहे तिच्याच पदाची तुलना भिकेशी करून ते पद खाली ठेवले आहे. चतुर अर्जदाराने हे वाक्य गाळले असते. मेरीने ते ठेवले. आप्तांच्या सर्व इच्छा मान्य करीन, पण पतीच्या खालोखाल, ही मर्यादाही तिने घातली. आपण जुन्या ग्रंथांत वाचले आहे की अशाच न्याय्य कारणांसाठी राजेराण्यांनी लोकांना क्षमा केली आहे, असा दाखला देते. म्हणजे दयाळूपणाचे सोंग घेऊन किल्ल्यात उभी राहिलेली ही स्त्री वाचणारी होती. शेवटी सही आहे ती मेरी स्टॅफर्ड या नावाची.

या पत्रात राजा आहे तो दया करणारा स्वामी म्हणून. जुन्या नात्याची आठवण, हक्क, तक्रार, सूचक शब्द, काहीही नाही. ज्या गोष्टीमुळे पुढच्या काळाने तिला ओळखले, तिच्याविषयी तिने स्वतः एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. याचे कारण भय असेल, शहाणपण असेल, किंवा तिच्या लेखी ती गोष्ट संपलेली असेल. कारण ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु मौनाची नोंद घेण्याचे कर्तव्य आहे. कादंबरीकार पत्रातील प्रेम घेतात आणि अर्ज सोडतात. इतिहासकार अर्जातील माहिती घेतात आणि वाक्याचा स्वर सोडतात. पत्रात मात्र दोन्ही एकत्र गुंफलेले आहेत. पोटाची निकड आणि मनाचा निश्चय एकाच वाक्यात कसे नांदतात, हे दाखवणारा सोळाव्या शतकातील तो एक अस्सल गद्यलेख आहे.

क्रॉमवेलचे उत्तर उपलब्ध नाही. मे १५३६ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने भाऊ जॉर्ज आणि बहीण ॲन यांचा शिरच्छेद झाला. दरबारातून घालवलेली मेरी वाचली. जुलै १५४३ मध्ये ती मरण पावली. तिचा मुलगा हेन्री केरी पुढे एलिझाबेथ राणीचा लॉर्ड चेंबरलेन झाला, आणि १५९४ मध्ये ज्या नाटकमंडळीला त्याने आश्रय दिला तिच्यात शेक्सपिअर होता. वंशाचा हा मोठेपणा सांगून मेरीच्या आयुष्याला अर्थ देण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची गरज नाही. राजाची प्रेयसी म्हणून ती इतरांच्या वाक्यांत आहे आणि तेथे तिच्याविषयी निश्चित असे फार थोडे सांगता येते. स्वतःच्या वाक्यांत ती एकदाच आहे, आणि तेथे ती कोणाचीही प्रेयसी नाही, कोणाचीही बहीण नाही. आपण केलेल्या निवडीची जबाबदारी घेऊन मदत मागणारी एक स्त्री आहे. तिच्यावर यापुढे जो कोणी लिहील, त्याने आरंभ या सहीपासून करावा.