'मिरर'ची एक्सेल शीट

आंद्रेई तारकोव्हस्कीचा 'मिरर' पहिल्यांदा पाहत होतो तेव्हा अर्ध्यातच पॉज केला आणि एक्सेल शीट उघडली. सवयीचा भाग. दिवसभर मी सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच शोधत असतो. क्रम लागला की बग सापडतो. सिनेमाचंही तसंच असणार असं वाटलं. प्रसंग, साल, पात्र, रंग असे चार कॉलम केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

१९७५च्या या सोव्हिएत सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अलेक्सेई नावाचा माणूस आजारी आहे आणि त्याला आयुष्य आठवतंय. मोठेपणीचा अलेक्सेई पडद्यावर जवळपास दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. युद्धाआधीचं खेड्यातलं घर, युद्धातलं पोरवय आणि आजचा मॉस्कोतला फ्लॅट एकमेकांत मिसळत राहतात. मधेच स्वप्नं येतात, जुन्या न्यूजरील येतात.

आधी रंगाचा कॉलम कोसळला. 'मेमेंटो' पाहिलेल्यांना माहीत असेल, तिथे नियम पक्का आहे: कृष्णधवल प्रसंग पुढे जातात, रंगीत प्रसंग उलटे. 'मिरर'मध्ये गवताची कोठी जळते ती रंगीत दिसते आणि आई छापखान्यात धावत जाते तो प्रसंग रंगाविना. दोन्ही काळ जुनेच. म्हणजे रंगावरून काळ ओळखता येत नाही.

गंमत म्हणजे साल शोधायला मला कष्टच पडले नाहीत. अलेक्सेई आईशी फोनवर बोलताना विचारतो, बाबा आपल्याला सोडून कधी गेले? आई सांगते, १९३५. आणि ती आग? तीही १९३५. माझ्या शीटचा प्रश्न त्यानेच विचारला होता! पण त्याच फोनवर आई सांगते की छापखान्यातली तिची जुनी सहकारी लिझा आज सकाळी गेली. आणि याला आता सकाळचे सहा वाजलेत की संध्याकाळचे, हेही कळत नाहीये. चाळीस वर्षांपूर्वीचं साल मिळालं, आजची वेळ हरवली.

लगेच पुढे छापखाना येतो. आपल्या हातून प्रूफमध्ये एक भयंकर चूक राहिली, या भीतीने तरुण आई पावसात भिजत धावत सुटते. रिलीज करून घरी आल्यावर रात्री दचकून उठलेल्या कुणालाही ही धाव ओळखीची वाटेल. फरक इतकाच की आपण चुकलेलं व्हर्जन मागे घेऊ शकतो. स्टालिनच्या काळात एका अक्षराने माणूस उद्ध्वस्त होऊ शकत होता. चूक झालेलीच नसते. ती कोणत्या शब्दाची असती, हे आई लिझाच्या कानात सांगते. आपल्याला ऐकू येत नाही. शब्द न कळताही आपण तिच्याइतकेच घाबरलेलो असतो.

पात्रांच्या कॉलमवर मात्र मी अडकलो. तरुण आई आणि अलेक्सेईची घटस्फोटित बायको नतालिया, दोन्ही भूमिका मार्गारिता तेरेखोवाने केल्यात. मुलगा इग्नात आणि पोरवयातला अलेक्सेई हाही एकच मुलगा. अलेक्सेई नतालियाला सांगतो की आई आठवली की तिला चेहरा तुझाच असतो.

हे ऐकून मी पुन्हा पॉज केला. माझ्या आठवणीत मला शाळेत सोडायला येणाऱ्या आईला चष्मा असतो, केस पिकलेले असतात. घरच्या अल्बममध्ये पाहिलं तर तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, चष्मा नव्हता. आज माझंही वय तेवढंच आहे. तिचा तो चेहरा माझ्याकडे नाहीच. त्या जागी मी आजचा चेहरा बसवलाय. फोटोमागे तारीखही लिहिली आहे. पण तिचा उपयोग काय?

तारकोव्हस्कीने स्वतः लिहिलंय की संकलनात या सिनेमाच्या प्रसंगांचे वीसेक वेगवेगळे क्रम लावून पाहावे लागले. आत कुठे सरळ कथा दडलेली असती, तर ती पुन्हा ओळीत लावणं सोपं होतं. तशी ती नव्हतीच. म्हणून हा सिनेमा 'डिकोड' करून सांगणारे व्हिडिओ मला फसवे वाटतात. कोडं सुटलं की ते आपण बाजूला ठेवतो. इथे प्रश्न कोड्याचा नाही. आईशी नीट बोलू न शकलेला एक मुलगा उशीर होण्याआधी तिच्याकडे पाहू बघतोय.

शेवटच्या प्रसंगात तरुण आई नवऱ्यासोबत गवतात पडलेली आहे. मूल अजून व्हायचंय. आणि त्याच शेतातून म्हातारी आई दोन लहानग्यांना घेऊन चाललीये. ही म्हातारी म्हणजे तारकोव्हस्कीची खरी आई. लांब उभी राहून तरुण आई त्यांच्याकडे बघते. तिथे साल काय लिहिणार?

माझ्या शीटमधली ती ओळ अजून रिकामी आहे. तुम्ही पाहाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पॉज करू नका. संपल्यावर मात्र तोच फोन उचलून घरी एक कॉल करा. मी केला. साल काही विचारलं नाही.