दुहेरी समाकलनातील क्रमनिवड : पाठ्यपुस्तकीय मांडणीची चिकित्सा

बी.एस्सी.च्या कलनशास्त्रात 'समाकलनाचा क्रम बदलून मूल्य काढा' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. विद्यार्थी तो सोडवितात व गुणही मिळवितात. तथापि क्रम का बदलावयाचा, आणि तो बदलण्याची मुभा कशामुळे मिळते, असे विचारले असता वर्ग निरुत्तर होतो. हा दोष विद्यार्थ्यांचा नसून प्रचलित पाठ्यपुस्तकांच्या मांडणीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रश्नातच 'बदला' असे म्हटले की निर्णय परीक्षकाने घेतलेला असतो. विद्यार्थ्याकडे उरते ती केवळ सीमांची उलटापालट.

वास्तविक निवडीचा विचार प्रदेशाच्या आकृतीपासून सुरू व्हावयास हवा. मुरुम परिसरातील अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत. उभी पाळी आणि आडवी पाळी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. (०,०), (२,०) आणि (१,१) हे शिरोबिंदू असलेला त्रिकोणी तुकडा घ्यावा. पायाला समांतर पट्टे घेतल्यास प्रत्येक पट्टा डाव्या बांधापासून उजव्या बांधापर्यंत, म्हणजे क्ष = य पासून क्ष = २ − य पर्यंत जातो; एकच नियम पुरतो. उभे पट्टे घेतल्यास मात्र क्ष = १ पाशी वरचा बांध बदलतो व समाकल दोन भागांत तोडावा लागतो. क्षेत्रफळ दोन्ही रीतींनी १ च येते. श्रम मात्र सारखे नसतात. हे आकृतीवरून एका दृष्टिक्षेपात कळते. पुस्तकांत मात्र आकृती बहुधा उत्तरानंतर, शोभेपुरती येते.

काही वेळा प्रश्न केवळ श्रमाचा राहत नाही. य-वर्ग हा घातांक असलेल्या ई या फलनाचे समाकलन क्ष पासून १ पर्यंत य-सापेक्ष व नंतर ० पासून १ पर्यंत क्ष-सापेक्ष करावयाचे असेल, तर पहिल्याच पायरीवर वाट बंद होते. कारण त्याचे प्रतिअवकलज प्राथमिक फलनांत मांडता येत नाही. क्ष-सापेक्ष समाकलन आधी केल्यास य हा गुणक बाहेर येतो आणि उत्तर (ई − १)/२ सहज मिळते. हे उदाहरण बहुतेक पुस्तकांत आहे, आणि तेथेच प्रकरण संपते. खरी त्रुटी इथे आहे.

क्रम बदलल्यास उत्तर नेहमी तेच राहते काय? क्ष-वर्ग उणे य-वर्ग यास त्याच वर्गांच्या बेरजेच्या वर्गाने भागून मिळणारे फलन एकक चौरसावर घ्यावे. आधी य-सापेक्ष समाकलन केल्यास आतील समाकल १/(१ + क्ष-वर्ग) येतो व अंतिम मूल्य पाय/४. क्रम उलटविल्यास उणे पाय/४. आकडेमोडीत कोठेही चूक नाही. मूळबिंदूपाशी फलन इतके बेबंद होते की त्याच्या केवल मूल्याचा समाकल सांत राहत नाही. अशी विसंगती कोशीने १८१४ च्या आपल्या निबंधात दाखविली होती. केवल मूल्याचा समाकल सांत असल्यास क्रम बदलता येतो, हे फुबिनी यांनी १९०७ मध्ये प्रस्थापित केले, आणि ऋणेतर फलनांसाठी टोनेली यांनी १९०९ मध्ये.

फुबिनींच्या प्रमेयाची सिद्धता लेबेग मापनावाचून देता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सिद्धता न देणे वेगळे आणि अट लपविणे वेगळे. स्वाध्यायांतील फलने जवळजवळ सर्वत्र संतत व प्रदेश मर्यादित असतात, म्हणून चूक कधी उघडकीस येत नाही; विद्यार्थी एम.एस्सी.ला, प्रायिकताशास्त्रातील अपरिमित प्रदेशांवर, तीच सवय घेऊन जातो.

उपाय फार खर्चाचा नाही. प्रश्नात केवळ फलन व प्रदेश द्यावा, क्रम देऊ नये. विद्यार्थ्याने दोन्ही क्रमांच्या सीमा लिहून एकाची निवड सकारण करावी. प्रस्तुत लेखकाने अंतर्गत चाचणीत असा प्रश्न ठेवला, तेव्हा पहिली दहा मिनिटे एकच शंका येत राहिली : 'सर, आधी कोणते करायचे?'