दोषसिद्धी आणि शिक्षेची भाषा : धुळे येथील घरकुल निकालाच्या निमित्ताने

जळगाव येथील घरकुल प्रकरणात धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी धरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद व १०० कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची कैद अशी शिक्षा झाली. मूळ फिर्याद तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये दिली होती. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. त्यामुळे निकालाची योग्यायोग्यता हा येथे विषय नाही. विषय आहे तो अशा निकालांच्या भाषेचा.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाला 'घोटाळा' म्हटले, क्वचित 'अपहार'. कायद्याच्या मराठीत मात्र 'फौजदारीपात्र न्यासभंग' आणि 'ठकवणूक' हे शब्द आहेत. 'न्यासभंग' हा शब्द क्लिष्ट म्हणून हिणवला जातो. परंतु अर्थाच्या दृष्टीने तोच अधिक नेमका आहे. घोटाळा हिशेबात होतो, न्यास मात्र कोणीतरी कोणावर तरी सोपविलेला असतो. 'घोटाळा' म्हणताच तो सोपविणारा, म्हणजे घरकुलाची वाट पाहणारा झोपडपट्टीतील रहिवासी, वाक्यातून नाहीसा होतो. अवघडपणाचा दोष पारिभाषिक शब्दावर ढकलून सोप्या शब्दाने केलेली ही हानी सहसा कोणी मोजत नाही.

क्रियापदांचीही तीच गत. निकालपत्रात 'दोषी ठरविण्यात येत आहे' असा कर्मणी प्रयोग येतो. बातमीत शिक्षा 'ठोठावली' जाते. कर्मणी प्रयोगावर निर्जीवपणाचा आक्षेप घेतला जातो. तो येथे गैरलागू वाटतो. शिक्षा व्यक्ती देत नाही, कायद्याने स्थापित न्यायासन देते, हे त्या कर्तृहीन वाक्यातच सुचविलेले असते. 'ठोठावली' या शब्दात मात्र हातोड्याचा आवाज आहे, जो आपल्या न्यायालयांत बहुधा चित्रपटांतूनच ऐकू येतो.

दोषनिर्णय आणि शिक्षा यांच्यामध्ये एक विराम आहे, हेही बातमीच्या भाषेत हरवते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकणे आवश्यक केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. 'दोषी ठरवून शिक्षा सुनावली' या एका दमातील वाक्यात तो विराम उरत नाही.

'जन्मठेप' हा शब्द तर सर्वांत अधिक फसवा. ती चौदा वर्षांची असते, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वास्तविक गोपाळ विनायक गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले होते की, शासनाने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्य. चौदा वर्षे ही काही गंभीर गुन्ह्यांत सुटकेपूर्वी भोगावयाची किमान मुदत होय.

महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तथापि निकालाचा सारांश आरोपीला समजणाऱ्या भाषेत सांगणे ही कायद्याची स्वतंत्र अपेक्षा आहे. साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आरोपीला 'सश्रम कारावास' आणि 'शिक्षा एकत्रितपणे भोगावयाच्या' हे शब्द इंग्रजीइतकेच परके असू शकतात. माजी मंत्र्याजवळ अर्थ सांगणारा वकील असतो. पाड्यावरच्या माणसाला तो अर्थ बहुधा कारागृहाच्या दारात कळतो.