लोकशिक्षण केंद्रांच्या समित्या आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रौढ शिक्षणाच्या चर्चेत प्रवेशिका, अध्यापनपद्धती, गळती आणि साक्षरतेची टक्केवारी यांना जितके स्थान मिळते, तितके केंद्राचा कारभार पाहणाऱ्या समितीला मिळत नाही. समितीची रचना ही कागदोपत्री पूर्ततेची बाब मानली जाते. वस्तुतः केंद्र टिकेल की बंद पडेल, हे बऱ्याच अंशी तिच्या रचनेवरच अवलंबून असते. ‘साक्षर भारत’ कार्यक्रमाच्या संदर्भात या समित्यांच्या जबाबदाऱ्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

८ सप्टेंबर २००९ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला. २००१ च्या जनगणनेनुसार प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के वा त्याहून कमी असलेले जिल्हे त्यासाठी प्रामुख्याने निवडण्यात आले. सात कोटी प्रौढांना साक्षर करण्याचे उद्दिष्ट होते व त्यांत सहा कोटी स्त्रिया अपेक्षित होत्या. ग्रामपंचायत स्तरावर लोकशिक्षण केंद्र, तेथे दरमहा २००० रुपये मानधनावर दोन प्रेरक आणि या सर्वांवर सरपंचाच्या अध्यक्षतेखालील लोकशिक्षण समिती, अशी ही रचना होती. निरक्षरांचा शोध, स्वयंसेवकांची निवड, वातावरणनिर्मिती, वर्गांची व्यवस्था आणि नोंदी ठेवणे ही कामे समितीकडे सोपविण्यात आली.

ही यादी वरवर पाहता भरघोस वाटते. परंतु तीत अंमलबजावणीची कामे आहेत, नियमनाचे अधिकार जवळजवळ नाहीत. मानधनाचा निधी केंद्र व राज्य शासनाकडून येई. तो केव्हा यावा यावर समितीचे काही चालत नसे. अनेक राज्यांत प्रेरकांचे मानधन दीर्घकाळ थकले, आंदोलने झाली. प्रेरकाच्या कामावर देखरेख समितीची आणि त्याच्या वेतनाचे उत्तर मात्र तिच्याकडे नाही, अशी ही विसंगती होती. उत्तरदायित्व आणि अधिकार यांची अशी फारकत झाली की समितीची बैठक इतिवृत्तापुरती उरते, आणि अनुपस्थित सदस्यांच्या सह्या नंतर घरोघरी जाऊन गोळा केल्या जातात. ग्रामीण भागातील समित्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, संमत झाला. त्यातील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असणे बंधनकारक झाले. शाळा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कर्तव्ये तिला कायद्याने मिळाली. प्रौढ शिक्षणात विद्यार्थी स्वतःच सज्ञान व मतदार असतो. त्याच्या वतीने पालकाने बोलण्याचाही प्रश्न नाही. तरीही केंद्रात शिकणाऱ्या स्त्रियांना समितीत असा वैधानिक वाटा मिळाला नाही. सरपंच निवडून देण्यास पात्र असलेली स्त्री स्वतःच्या वर्गाच्या वेळेबाबत केवळ ‘लाभार्थी’ ठरली. शाळा व्यवस्थापन समित्याही पुष्कळदा नाममात्र असतात, हा आक्षेप खरा आहे. तथापि तेथे हिशेब मागणाऱ्या पालकाला कायद्याचा आधार आहे. लोकशिक्षण केंद्रातील प्रौढ विद्यार्थिनीला तो नव्हता.

महाराष्ट्राला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत साक्षरतेची जबाबदारी संपूर्ण गावाने उचलली आणि तीच तिची शक्ती होती. मोहीम ओसरल्यावर नवसाक्षरांचे वाचन टिकविण्याचे काम मात्र कोणा एकाचे राहिले नाही.

याउलट जनशिक्षण संस्थानांचे उदाहरण पाहता येईल. १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले. २००० मध्ये या संस्थांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले. प्रत्येक संस्थान नोंदणीकृत असून त्यास स्वतःचे व्यवस्थापन मंडळ असते. २०१८ मध्ये ही योजना मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली, तरी संस्थाने कायम राहिली. त्याच वर्षी मार्चअखेर ‘साक्षर भारत’ संपुष्टात आला आणि प्रेरकांचे कामही संपले. संस्थानांचे अनुदान चालू राहिले हे त्यामागील एक कारण आहेच. पण अनुदान स्वीकारण्यास व पत्रव्यवहार करण्यास त्यांच्याजवळ एक कायदेशीर व्यक्तित्व होते, याचे महत्त्व कमी लेखता येत नाही. योजनेपुरत्या निर्माण झालेल्या ग्रामस्तरीय समितीला योजनेनंतर अस्तित्वच उरले नाही.

२०२२-२३ ते २०२६-२७ या कालावधीसाठी १०३७.९० कोटी रुपये खर्चाचा ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ मंजूर झाला. यात अंमलबजावणीचे एकक शाळा असून अध्यापनाचा भार विनामोबदला स्वयंसेवकांवर आहे. परिणामी केंद्राच्या कारभाराची जबाबदारी व्यवहारात मुख्याध्यापक व शिक्षकांवर येऊन पडली. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. त्याकडे केवळ कामचुकारपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्या शाळेत बालकांसाठी पालकांची वैधानिक समिती आहे, त्याच शाळेत येणाऱ्या प्रौढांसाठी उत्तरदायी कोण, हे ठरविण्यापूर्वीच सर्वेक्षणाचे काम शिक्षकांच्या हाती देण्यात आले होते.