‘मुंबईचे वर्णन’मधील बंदरनगरीचे अर्थचित्र : वऱ्हाडच्या दृष्टीतून एक चिकित्सा

प्रस्तावना :
गोविंद नारायण माडगावकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या शहराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या मराठीतील आरंभीच्या ग्रंथांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. स्थलवर्णन आणि सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून तो प्रामुख्याने वाचला जातो. प्रस्तुत लेखात एका बंदरनगरीचे अर्थचित्र या दृष्टीने त्याची चिकित्सा केली आहे.

अर्थचित्राचे सामर्थ्य :
गोदी, टांकसाळ, बाजारपेठा, गिरण्या आणि आगगाडी यांची नोंद माडगावकर कुतूहलाने घेतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. अवघ्या काही वर्षांत बदललेले हे शहर लेखकाने स्वतः पाहिलेले होते. त्यामुळे व्यापार ही केवळ आयात-निर्यातीची बाब न राहता विविध ज्ञातींच्या दैनंदिन व्यवहारातून वाचकासमोर उभी राहते. हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय.

पृष्ठप्रदेशाचा प्रश्न :
ग्रंथाचा प्रकाशनकाळ मात्र विसरता येत नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. हिंदी कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच, १८६५ मध्ये, तेथील शेअर बाजार कोसळला. ग्रंथ तेजीच्या मध्यावर लिहिला गेल्याने हा शेवट त्यात येणे शक्यच नव्हते.

परंतु तेजीचा उगम शहराबाहेर होता. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड हा कापसाचा प्रमुख प्रदेश होता. १८६३ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडभर पोहोचलेला नव्हता. कापसाला बराच पल्ला बैलबंडीनेच गाठावा लागे. नागपूरपर्यंतचा मार्ग १८६७ मध्ये, तर खामगावची शाखा १८७० मध्ये सुरू झाली. ग्रंथाचा भर शहरावर असल्याने कापूस त्यात येतो तो व्यापाराचा माल म्हणून; तो पिकविणारा कुणबी, त्याचे कर्ज व सारा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. हा ग्रंथाचा दोष म्हणता येणार नाही, कारण शहराचे वर्णन हाच त्याचा संकल्पित विषय आहे. तथापि त्यालाच बंदराचा पूर्ण आर्थिक परिचय मानणे ही अभ्यासकाची चूक ठरेल. जावा बेटावरील सुरबाया बंदराचा उत्कर्षही पूर्व जावातील उसाच्या मळ्यांवाचून उलगडत नाही. बंदर कोठलेही असो, त्याच्या जमाखर्चाचे अर्धे पान पृष्ठप्रदेशातच लिहिलेले असते.

निष्कर्ष :
‘मुंबईचे वर्णन’ हे बंदरनगरीचे जिवंत, परंतु किनाऱ्यावरून घेतलेले अर्थचित्र आहे. त्याचे वाचन वऱ्हाडच्या महसूल व लोहमार्गाच्या इतिहासासोबत व्हावयास हवे. मात्र वऱ्हाडच्या सपाट प्रदेशाशी थांबणेही पुरेसे नाही. धारणी तालुक्यातील कोरकू मजूर आजही हंगामी कामासाठी मेळघाट उतरतो आणि होळीला गावी परततो. पृष्ठप्रदेशालाही पृष्ठप्रदेश असतो. संपत्तीचे वर्णन करणाऱ्या प्रत्येक ग्रंथाला ‘श्रम कोणाचे?’ हा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे कर्तव्य आहे.