१४१ गरजा आणि ऐनाचं झाड

ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचं ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ १९६४ साली आलं. त्यात सहाशे वस्तीच्या एका भारतीय गावाच्या १४१ गरजा मांडल्यात. कोणत्या गरजेचा कोणतीशी संबंध, हे ठरवून संगणकाकरवी त्यांचे गट पाडले. गणित चोख आहे, हे आम्ही मान्य करतो. पण संबंध ठरवले अभ्यासकानं. ते जिथं विरळ होते तिथं यंत्रानं फक्त कापलं.

आता आपल्या आरमोरीचा कोसा घ्या. जंगलातल्या ऐनावर ढिवर कुटुंबं अळ्या पाळतात. तेच झाड वनखात्याच्या हिशेबात लाकूड, पाळणाऱ्याची रोजी, आणि कोष विणकराकडं पोचला की व्यापार. ते सांगा बरं, कोणत्या गटात टाकाल?

१९६५च्या ‘अ सिटी इज नॉट अ ट्री’ या निबंधात खुद्द अलेक्झांडर यांनीच शहरांची अशी फांद्याफांद्यांची मांडणी नाकारली. जिवंत शहरात गट एकमेकांत गुंतलेले असतात, असं दाखवलं. आज नियोजन पुन्हा यंत्राकडं चाललंय. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: उत्तर तपासण्याआधी विचारा, संबंध कुणी ठरवले? आणि ते ठरवताना ढिवर तिथं होता का?